बसलो होतो

बाबूजी, आज दुपारी तुम्हाला पाहिलं, आणि तेही जपानात. तुमच्याशी जन्मभर मले-तुलेतच बोलली, पण लिहायला घेतलं की हात शाळेतलं मराठी लिहितो. मास्तरीण झाली ना तुमची पोरगी. थकली आहे आता, तेव्हा जसं लिहिते तसं चालवून घ्या.

तुमचा नातू नागपूरहून आला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्या पोटात होता. तिथे रूम घेऊन परीक्षेचा अभ्यास करतो. जेवण झाल्यावर म्हणाला, मम्मी, जुना जपानी सिनेमा लावतो, बस माझ्यासोबत. काळा-पांढरा, टोळीवाल्यांचा, जुगाराचा. एक गुंड तुरुंगातून सुटतो आणि घरदार सोडून सरळ पत्त्यांच्या अड्ड्यावर जातो. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं भरभर पळत होती, पण मला ती वाचायची गरज पडली नाही. पांढऱ्या चादरीच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, पान उलटतं, आणि जिंकणाऱ्याचं तोंड हरणाऱ्याइतकंच कोरं. कोणी हसत नाही हो. आसगावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत, तलावाच्या पाळीमागे मोहाच्या झाडाखाली तुमचं तोंड असंच होतं. मी आईचा निरोप घेऊन आली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

आईने कुठे होते विचारलं की तुमचं एकच उत्तर, बसलो होतो. 'खेळलो' हा शब्द तुमच्या तोंडून कधी निघाला नाही. मला तर लहानपणी वाटायचं, राईस मिलमध्ये तुम्हाला बसायचंच काम आहे. मग एका मंडईच्या सकाळी तुम्ही माझ्यासाठी नवी लेडीज सायकल आणली, हायस्कुलात जायला. मी ती तीन गल्ल्या मिरवली. पुढच्याच रविवारी तुम्ही तिच्यावर बसून गेलात आणि पायी परत आलात. आई ताटावर ताट झाकून उठली. मी तुमच्या पायावर पाणी ओतत होती. सायकलचं विचारायचं सोडून मी विचारलं, "जिंकले का बाबूजी?" तुम्ही म्हणालात, "आज नाही." हायस्कुलात मी पायीच गेली. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

तुमचं हे पोराला मी कधी सांगितलं नाही. आजोबा राईस मिलमध्ये होते, शांत होते, एवढंच त्याला माहीत. दिवाळीतसुद्धा घरात पत्ते येऊ दिले नाहीत. एवढी राखण केली, बाबूजी.

आणि आज सिनेमात अजून बराच डाव बाकी असताना त्याने चित्र थांबवलं. पडद्यावर एका बाईचा हात पानावर तसाच राहिला. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मम्मी, मीबी बसतो."

मी म्हटलं, "कुठी बसतो?"

"मोबाईलवर. पह्यले पोरांसंग रूमवर बसत होतो, आता एकटाच बसतो. सोडतो म्हणतो, पण होऊन नाही राहिलं."

हा शब्द त्याला कोणी दिला? मी तर तो घरात येऊच दिला नव्हता. रडावं, मारावं, की आईसारखं ताट झाकून उठावं. तो वाट पाहत होता. सिनेमा लावला होता तो यासाठीच, सांगायला त्याला दुसरी वाट सापडली नसेल बिचाऱ्याला. अशा वेळी काहून म्हणावं, किती दिवसांपासून म्हणावं, जवळ घ्यावं. वर्गातल्या पोरांच्या आयांना मीच हे समजावते.

आता तो आतल्या खोलीत झोपला आहे, तोंडावर पांघरूण घेऊन. हा कागद मी घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन, तुमच्यापर्यंत कोण पोचवणार? पण एक तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. त्याने एवढं सांगितल्यावर माझ्या तोंडून पहिलं जे निघालं, ते होतं, "जिंकतं का?"