पंगतीतून उठायचं कारण

सटवाजीराव व्याही, रामराम.

तुमच्या घरच्या कौतिकाच्या लग्नात मी पंगतीतून घडीघडी उठलो, म्हणून तुमी रुसले अन् लेकीला माहेरी धाडून न्हाई राहिले. व्याही, तो तुमचा अपमान नव्हता. माझी लघवी तुंबते. हे लिहितानाबी उठून आलो.

वैद्याच्या काढ्यानं फरक पडला न्हाई. हिंगोलीचे डाक्टर म्हणले, "आत गाठ वाढली. जन्मभर नळीनं लघवी काढा, न्हाई तर हैदराबादेत पोट चिरून गाठ काढा. या वयात जिवाला धोका हाय."

मी चिरायला कबूल झालो. पण त्याआधी लेक डोळ्यांनी पाहू द्या.

तुमाला वाचता येत न्हाई. हा कागद कोणी तरी चावडीवर मोठ्यानं वाचील. नकोच, कागद धाडतच न्हाई. छकडा जुंपतो. वाटेत कितीबी उतरावं लागलं तरी येतो अन् तुमच्या कानात सांगतो.

तुमचा व्याही,
दगडोबा, साखरा