पाहुण्या खुर्च्या

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हे पत्र नावाड्याच्या हाती देतोय. पत्राबरोबर चार वेताच्या खुर्च्या, काचेचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ आणि हिचं शिलाई मशीन येतंय. घाबरू नकोस, आमचं घर बुडालेलं नाही. नावाडी काहीबाही सांगेल, त्याच्या नादी लागू नकोस.

त्याचं असं झालं. नदीकाठच्या गावांपैकी एका गावाला सरकारी दवाखाना मिळणार आहे. लहानसाच, पण नर्सबाई कायम मुक्कामाला. जिथे गरज जास्त तिथे तो द्यायचा, म्हणून एक साहेब गावोगाव फिरून घरं बघताहेत. आता आमच्या गावाला कालव्याचं पाणी, वीटभट्ट्या, दुधाची गाडी रोज दारात. सरपंचांनी सभा घेऊन बजावलं की साहेबांना यातलं काही दिसता कामा नये. भट्ट्या बंद, ट्रॅक्टर वैरणीखाली. सरपंचांनी स्वतः फाटका सदरा घालून दाखवला, पण त्याला कडक इस्त्री होती! साहेबांना गावाची माहिती सांगायचं काम मास्तर म्हणून माझ्याकडे आलंय. वर्गात जिल्ह्याचा भूगोल शिकवतो तोच सांगायचा, फक्त उलटा.

हसू नकोस. सूनबाईंना पाचवा लागला ना? मागच्या खेपेला शहरातल्या दवाखान्यात पोचायच्या आधी नावेतच सगळं संपलं, ते मी विसरलेलो नाही. दवाखाना आमच्याकडे आला तर तुम्हाला निदान नदी ओलांडली की झालं. एवढ्यासाठी थोडं खोटं बोलायला माझी ना नाही.

सामान आठवडाभर ठेव. कपाटाची काच जप, नाहीतर ही मला घरात घेणार नाही. बाकी लोभ आहेच. चार खुर्च्यांच्या ओझ्याने तो वाकू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

सामान सुखरूप आहे. काच शाबूत, तेव्हा तुला घरात जागाही शाबूत.

तुझ्या खुर्च्यांनी आमची अब्रू वाचवली बघ! परवा संध्याकाळी निरोप आला की सकाळी एक सरकारी साहेब गाव बघायला येणार. आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे ते तुला ठाऊकच आहे. खडकाळ माळ, शेळ्या आणि लव्हाळ्याच्या चटया. एवढा मोठा माणूस दारात येणार आणि त्याला बसवायचं कुठे, म्हणून बायका रडकुंडीला आल्या. मला एकदम तुझं सामान आठवलं. दोन खुर्च्या मी ठेवल्या, दोन शेजारी दिल्या. घड्याळ चटईवाल्याच्या भिंतीवर लावलं, मशीन माझ्या जावेकडे. कपाट माझ्याकडेच राहिलं, कारण ते कुणाला हलेना. अंगणं सारवली, पोरांना धुतलेले कपडे घातले.

साहेब खूश झाले. गडद चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ आहेत. गावात काय कमी आहे असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुमच्या कृपेने काही कमी नाही. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सून तेवढी आत निघून गेली. तिला हल्ली फार वेळ उभं राहवत नाही.

तुमच्याकडे आले ते हेच का रे? असले तर विचारून घे, आमचं गाव कसं वाटलं. हसू नकोस आणि माया पातळ करू नकोस.

ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसलो की हात चालत नव्हता.

ताई, ते साहेब हेच. आणि तुमचं गावही त्याच दवाखान्यासाठी बघायला आले होते. मला हे माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो. माहीत असतं तर खुर्च्या पाठवल्या नसत्या, असं मनाला सारखं बजावतो.

काल निकाल लागला. दवाखाना आम्हाला मिळाला. साहेबांनी भर सभेत सांगितलं की पलीकडच्या काठाबद्दल त्यांची भलतीच समजूत होती. तिथे त्यांनी काचेचं कपाट पाहिलं, शिलाई मशीन पाहिलं, बायकांच्या तोंडी तक्रारीचा शब्द नाही. इकडे मात्र मास्तरांच्या घरात बसायला पोतं. तेव्हा सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मग टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, ताई. नाही वाजवल्या तर लोक काय म्हणतील, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं. घरी येऊन त्याच पोत्यावर बसलो तर तिथून उठवेना.

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. सूनबाईंना काय सांगितलंस? तू शिव्या घाल, पण लिही.

धाकटा

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सामान याच नावेने परत पाठवते आहे. मोजून घे.

सुनेला काय सांगायचं होतं? ती चटईवाल्याच्या बायकोकडून ऐकून आली. गावात आता सगळे मलाच बोलतात, आणि बोलतात ते बरोबरच आहे. उसन्या सामानाचा टेंभा मी मिरवला. काय कमी आहे असं विचारणारा माणूस जन्मात एकदा दारात आला, आणि मी त्याला काही नाही म्हणून सांगितलं.

सून आता सातव्याकडे झुकेल. नावेचं नाव काढलं की तिचे हातपाय गार पडतात. मुलगा खाणीवर आहे, त्याला कळवायचं धैर्य मला नाही.

तुझ्यावर राग आहे. कमी झाला की लिहीन.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज शहरात जाऊन साहेबांच्या कचेरीत सगळं सांगितलं. खुर्च्या माझ्या, कपाट माझं, गावाने सोंग केलं, मीही केलं. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तपासल्याशिवाय ते निकाल फिरवणार नाहीत. कुणाला न कळवता तुझ्या घरी येऊन तुलाच विचारतील.

तेव्हा विचारलं की खरं सांग. माझी नोकरी जाईल, कदाचित गावही वाळीत टाकेल. जाऊ दे. सामान भावाचं होतं एवढंच म्हणायचं आहे तुला. बाकी मी निस्तरतो.

नावाडी आजारी आहे, म्हणून पत्र पोस्टात टाकतोय. लवकर पोचो.

तुझ्या रागासकट तुझाच
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

साहेब मंगळवारी येऊन गेले. तुझं पत्र आज हाती पडलं.

आता काय झालं ते ऐक. त्यांनी तुझं नाव घेतलंच नाही. जमिनीवरच्या चटईवर बसले, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि ते सगळं सामान कुणाचं होतं, नदीपलीकडून आलं होतं का, एवढंच विचारलं. मला वाटलं, कुणीतरी तुझी चुगली केली आणि आता तुझी नोकरी गेली. मी म्हटलं, सामान आमचंच. मग आता कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवीन घ्यायचंय म्हणून जुनं विकलं.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण मी त्यांना हेही सांगितलं की पलीकडे माझा एक भाऊ मास्तर आहे, त्याच्या घरात बसायला पोतं आहे, त्यांच्या गावाला दवाखान्याची फार गरज आहे.

पत्र वाचलं तेव्हा कळलं, चुगली तूच स्वतःची केली होतीस. आता तू पुन्हा जाऊन सांग की बहीण खोटं बोलली. मी चिडणार नाही.

ताई

ता. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी जायच्या आधी साहेबांनीच बोलावलं. म्हणाले, बहीण म्हणते सामान तिचं, भाऊ म्हणतो त्याचं, विश्वास कुणावर ठेवायचा? ताई, मी म्हटलं, माझी ताई खोटं बोलत नाही. मग ते हसले. बहिणीच्या मायेपोटी मी ही गोष्ट रचली असेल, असं त्यांना वाटलं. मी गप्प बसलो.

तुला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो, असं मी हिला सांगितलं. तुला मात्र खरं सांगतो. कचेरीचा जिना उतरलो तेव्हा मला हायसं वाटत होतं. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तो मला गोड लागला. त्या चहाची मला इतकी लाज वाटते की हे लिहिताना मान वर होत नाही.

दवाखाना शाळेच्या जुन्या खोलीत सुरू झालाय. सूनबाईंना आत्ताच आमच्याकडे आण. बाळ होईपर्यंत त्या इथेच राहतील. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तुला हायसं वाटलं तसं मलाही वाटलं होतं. तू कचेरीत गेलास हे मला ठाऊक नव्हतं, ते खरं. पण ठाऊक असतं तरी त्या खुर्च्या उसन्या होत्या हे माझ्या तोंडून निघालं नसतं. भावाला वाचवलं असं मी गावभर सांगते. वाचवलं ते मी स्वतःला.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. साहेब जाताना उंबऱ्यात थांबले. सून दाराशी उभी होती. तिला त्यांनी विचारलं की बाळ, तुला काही सांगायचंय का. ती माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती मान हलवली असती तरी ती बोलली असती. मी बाहेर शेळ्यांकडे बघत राहिले. मग ती नाही म्हणाली.

रविवारी सकाळी, पाणी शांत असताना तिला घेऊन येते. नावेत बसायचं म्हटल्यावर ती रडेल, भांडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कपड्यांचं गाठोडं बांधता बांधता तिने मला एवढंच विचारलं, की तिथे नर्सबाईंनी मागच्या खेपेचं विचारलं, तर खरं सांगितलेलं चालेल ना.

आपल्या दोघांचं राहू दे, लोभ तिच्यावर ठेव.

ताई