एक्क्याण्णव बायकांची लेझीम

१२ जानेवारी, रविवार

नव्वद बायका! झालं नक्की! बोरगाव मेघेतल्या तीन कॉलन्या मिळून सव्वीस जानेवारीला मैदानावर लेझीम — आणि रांगा लावायचं काम माझ्याकडे. "लीना अकाउंट्समधली हाय, तिलेच द्या," छायाताई म्हणाल्या. त्या शाळेत पीटी शिकवतात. पुढं शिट्टी घेऊन त्या एकट्या, मागं आम्ही. अट एकच — चौकोन भरलेला पाहिजे. एक जागा रिकामी नाई, एक बाई जास्तीची नाई.

नव्वद म्हणजे काय गुणी आकडा! दहाच्या नऊ, पंधराच्या सहा, अठराच्या पाच... कसाही लावा, बसतोच.

१३ जानेवारी

जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "लीना, मलेई घेजो ना वं लेझीममंदी. आंजीले माहेरी असताना लय खेळली मी."

देवेंद्रला ठसका लागला. "आई, सत्तरीची झाली तू!"

"मंग?"

लग्न होऊन आल्यापासून आईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मी हो म्हणून मोकळी!

मग आकडा घेऊन बसले. एक्क्याण्णव. दोननं नाही. तीननं — नऊ अन् एक दहा, नाही. पाचनं नाही. सातचा पाढा म्हटला, सात दाहे सत्तरपर्यंत आला, त्यात कुठंच नाही. म्हणजे मूळ संख्या! कशानंच भाग जात नाही! आता?

१४ जानेवारी, संक्रांत

सांगून टाकलं. "आई, तुमची एक जास्तीची होते. रांगच बसत नाही."

"हाव, बरोबर हाय. राहू दे." एवढंच. वर माझ्याच हातावर दोन तिळाचे लाडू ठेवले. मला मेलीला एकही गोड लागला नाही.

१६ जानेवारी

अगं बाई!!!

सकाळी धुणं वाळत घालायला मागं गेले, तर अंगणात आई एकट्याच. लेझीम नाही म्हणून हातात लाटणं! पावलं पडून राह्यली झोकात, अन् तोंडानं ताल — तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस... आंजीच्या शाळेत पाढ्यावरच पावलं बसवायचे म्हणे. मी चोरासारखी उभी. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव —

मी किंचाळलेच! ओली चादर मातीत.

"काऊन वं? साप निंगाला का?"

"आई, परत म्हणा! तेरा साते!"

तेराच्या सात रांगा! सात गुणिले तेरा! आणि मी अकाउंट्समधली! सातचा पाढा दहावर सोडला, जसे काही आकडे तिथंच संपतात. आईंना गदागदा हलवलं. "तुम्ही लेझीममध्ये!"

"पाहा बा," म्हणाल्या आणि त्याच लाटण्यानं पोळ्या लाटायला गेल्या. चेहरा मात्र लपत नव्हता.

१७ जानेवारी

वेड लागलंय मला. दहा दाहे शंभर — म्हणजे शंभराच्या आतल्या आकड्याला दोन्ही भाग दहाच्या वरचे असूच शकत नाहीत! मग दोन, तीन, पाच, सात, एवढ्यांनी तपासलं की बस्स. पण नीट भागून, पाढा म्हणून नाही!! आमचं घर सत्तावन्न नंबरचं, इतकी वर्षं मूळ वाटायचं. तीन एकोणिसे सत्तावन्न! ऑफिसात श्रीधररावांना हे सगळं सांगितलं. "मॅडम, चहा घ्या," म्हणाले.

२२ जानेवारी

सराव. आई तिसऱ्या रांगेत. छायाताई सगळ्यांदेखत ओरडल्या, "आजींचं पाऊल पाहा अन् आपापलं पाहा!" चुकत होते मी. ऊर मात्र माझाच भरून आला.

२५ जानेवारी

उद्या!! आईंनी हिरवं नऊवारी लुगडं चारदा घडी मोडून पाहिलं.

२६ जानेवारी

दोघींना ताप, आल्याच नाहीत. एकोणनव्वद. ह्यावेळी नीट भागून पाहिलं — दोन, तीन, पाच नाही. सात बारे चौऱ्याऐंशी, उरले पाच. खरीखुरी मूळ. एक कमी केली तर अठ्ठ्याऐंशी, अकराच्या आठ रांगा. कोणी काही बोलायच्या आत आई रांगेतून बाहेर निघाल्या.

हात धरून त्यांना माझ्या जागेवर उभं केलं, पहिल्या रांगेत. आणि मी बाहेर आले.

इतकी वर्षं एका घरात राहिलो — आई अशा नाचतात, हे रांगेबाहेर उभं राहून मला आज पुरतं दिसलं!