रेवाच्या खोलीतली भिंत

नवीन पनवेल, श्रावणातला मंगळवार

तीर्थस्वरूप दादास,

बाळूचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच घालतो आहे.) तुझी साखर, वहिनींची कंबर आणि फलटणची कोरडी हवा, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. हवेची चौकशी मुद्दाम करतोय. त्या हवेची किंमत तुम्हा लोकांना नाही. ती इथे श्रावणात मीठसुद्धा चमच्याने खरवडून घेणाऱ्याला विचारावी. फोन सोडून पत्र का, तर फोनवर मी "हॅलो" म्हटलं की पुढचं सगळं तूच बोलतोस, आणि मला हे एकदा मध्ये कुणी न बोलता सांगायचं आहे.

आधी मुख्य गोष्ट. रेवा सध्या आमच्याकडे नाही. घाबरू नकोस, पोर बरी आहे. सई तिला घेऊन कामोठ्याला माहेरी गेली आहे. सासू-सुनेचं काही बिनसलं असं वहिनींना वाटू देऊ नकोस. (वसुंधराशी भांडायला लागतो तो धीर सईत आहे, पण तिला ऑफिसातून वेळ मिळत नाही.) ती गेली ती भिंतीमुळे. पोरीचा खोकला काही हटेना, निजली की छाती घरघरायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का? आपल्या राजसने घरी येऊन लेकीच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत खालपासून खांद्यापर्यंत काळी. बुरशी. वास तर असा, की ओले मोजे ट्रंकेत ठेवून विसरावेत. बाई म्हणाल्या, भिंत कोरडी होऊन कोरडी राहत नाही तोवर मुलीला त्या घरात आणू नका. तेव्हापासून माझा चष्मा जिथे ठेवावा तिथेच सापडतो. चष्मा जागेवर सापडण्याचं माणसाला इतकं वाईट वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

माझा पहिला संशय अर्थातच वरच्या मजल्यावरच्या मितेशवर गेला. ओल म्हणजे गळती आणि गळती म्हणजे वरचा माणूस, हे सोसायटीत राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, की काही सभासद घरात म्हशी धूत असावेत. त्यावर बरेच अंगठे आले. त्या जोरावर वर गेलो, बेल दाबली, दार उघडेना तेव्हा त्या बंद दारालाच चार गोष्टी सुनावल्या. आवाज ऐकून आपला वॉचमन काशिराम वर आला. "काका, कोनाला बोलता? ते घरान नाय, बोटीवर हाय. शिमग्यापासून कुलूप हाय." मितेश जहाजावर नोकरीला आहे हे मला ठाऊक होतं रे, पण रागाच्या भरात लक्षातच आलं नाही. सेक्रेटरीकडच्या किल्लीने दार उघडून पाहिलं, तर बाथरूममधल्या बादलीत जळमटं! खाली आलो तेव्हा वसुंधराने नुसता चहा पुढे केला. तो चहा फार जड गेला.

मग म्हटलं, आपणच निस्तरू. तोंडाला पंचा बांधला आणि कोरड्या केरसुणीने भिंत खसाखसा झाडायला घेतली. वास जावा म्हणून वर पंखा पाचावर. दादा, तू हे कधी करू नकोस. काळी पूड घरभर झाली, देव्हाऱ्यात गेली, झाकून ठेवलेल्या पोह्यांत गेली. तेवढ्यात रेवाचे कपडे न्यायला सई आली. दारातच थांबली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही बुरशी झाडत नाही आहात, पेरताय." मग तिने मला नीट समजावलं: आधी पंखा बंद, बुरशी साबणाच्या पाण्याने ओली करायची, पुसायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. (मी ते धुऊन वाळत घालणार होतो. चांगलं फडकं होतं.) पण पुसून काय होणार, पाणी कुठून येतंय ते शोधा, म्हणाली. जाताना एक कामही लावून गेली. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवायचा. प्लॅस्टिकच्या मागे पाणी साचलं तर ते भिंतीतून येतंय. आपल्या बाजूला साचलं तर खोलीतल्या हवेतून.

मी मनात मागच्या बाजूवर पैज लावली होती. सकाळी बोट फिरवलं, तर आपल्याच बाजूने ओलंचिंब.

म्हणजे पाणी आमचंच. आता ऐक. रेवाला जरा शिंक आली की वसुंधरा तिच्या खोलीत पातेलंभर उकळत्या पाण्याचा वाफारा द्यायची. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी बंद. पोरीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत माझी जुनी बनियनं, ती मी स्वतः कोंबलेली. गॅलरी आम्ही काचा लावून बंद करून घेतली, तिथे काही वाळत नाही, म्हणून तिचे कपडे तिच्याच खोलीत दोरीवर. ती दोरीही मीच बांधली. एवढं पाणी जाणार कुठे? कपाटामागच्या गार भिंतीवर, जिथे वारा पोचत नाही, तिथे जाऊन बसलं. बुरशी वाढली म्हणून रेवा खोकली, आणि रेवा खोकली म्हणून आम्ही वाफारा वाढवला. दरवर्षी गणपतीआधी रंग देताना त्या कोपऱ्यात ठिपके दिसायचे, त्यांच्यावरून एक हात जास्त फिरवून आम्ही मोकळे. दादा, त्या पोरीला जपण्यात आम्ही म्हणून काही कमी ठेवलं नव्हतं.

आता घराची रीत बदलली आहे. पाऊस जरा थांबला की खिडक्या सताड उघड्या. कुकर लावला की एक्झॉस्ट चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीचा रंग खरवडून काढलाय, आतलं प्लास्टर उघडं पडलंय. ते वाळेपर्यंत रंग लावायचा नाही. राजसने हवेतली ओल दाखवणारं एक छोटं यंत्र आणून दिलंय, त्याच्यासमोर मी दिवसभर बसतो. वसुंधराने चहा ठेवला की आकडा चढतो, मी ओरडून सांगतो, मग ती सांगते की तुम्ही गप्प बसलात तर उतरेल. (उतरतो.) कामोठ्याला रोज संध्याकाळी रिक्षाने जातो. रेवा दारातच "आबा, चल घरी" म्हणते आणि चपला घालून उभी राहते. एरवी सगळं ठीक. वसुंधराने हे फार समजूतदारपणे घेतलं आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा
बाळू

ता. क. : वसुंधराबद्दल वर लिहिलंय ते तिने पत्र वाचलं तर असावं म्हणून. खरं तर ती त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. मी मारे म्हणतो, अगं, आपण प्रेमानेच केलं. ती म्हणते, तेच तर.

ता. क. दुसरा : हे चार ओळींत लिहायचं होतं, पण हात धजेना म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. यंदा गणपती तुझ्याकडे फलटणला बसवशील का? तुझ्या ऑपरेशनच्या वर्षी तो पनवेलला आला, पुढे तू कधी मागितला नाहीस आणि मला तो सोडवत नाही. पण आपल्याकडचे मोदक म्हणजे दिवसभर वाफ, ओल्या छत्र्या घेऊन येणारी माणसं, धूप, कापूर. ती भिंत पुन्हा ओली झाली तर पोरीचं येणं दिवाळीपर्यंत लांबेल. वसुंधराला हे विचारलेलं नाही. तिला कळलं तर मोडून पडेल, तेव्हा तूर्त वहिनींनाही बोलू नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवताना वसुंधराने पकडलं आणि पत्र वाचलं. दादा, तिने मागच्याच आठवड्यात वहिनींना फोन करून हेच मागितलं होतं! वहिनींनी मूर्ती सांगूनही टाकली आहे, आणि तुम्ही तिघं मिळून ठरवून बसला आहात, की बाळूला इतक्यात कळू द्यायचं नाही, तो मोडून पडेल. शाबास! तरी पत्र टाकतो आहे, कारण मागायचं ते मी माझ्या तोंडाने मागायला हवं. आम्ही सगळे येतो. आरतीला रेवाला पुढे उभी कर. तिला आरतीतलं काही येत नाही, पण "मोरया" ती छाती भरून ओरडते, आणि मला ती छाती एकदा मोकळी वाजलेली ऐकायची आहे.