ओल्या ट्रॅकवरची घसर

३ मार्च
जावईबापूंनी आज पुन्हा कागदी घोडे नाचवले. ब्रेक दाबला की चाक गाडीपेक्षा हळू फिरतं — हे मला शिकवतो! ही घसर थोडी असली तर पकड वाढते, फार झाली की उतरते. म्हणून आमच्या कारखान्यात बनणाऱ्या ब्रेकच्या पेटीने बारा टक्के घसरीवर ब्रेक आपोआप सैल करावा, असं त्याचं गणित.
मी म्हटलं, "गणिताला कान असतात का हो?" सगळा कारखाना हसला. तो सोडून.
हा कारखाना मी कानांवर उभा केलाय. टायर सुटण्याआधी ओरडतो. ओरडला की ब्रेक सोडायचा. संपलं.

४ मार्च
लेक जेवताना म्हणाली, "बाबा, निदान त्याचा आलेख बघा तरी." लग्न झालं की लेकीसुद्धा फितूर!
पाहिला. डोंगर काढलाय — ताठ चढ, लांब उतार. चित्रकला बरी आहे.

७ मार्च
कोरड्या ट्रॅकवर माझा कान आणि त्याचा आकडा एकच निघाले. त्याला वाटलं, मी पाठ थोपटीन. "जे कानाला फुकट कळतं, त्याला कॉम्प्युटर कशाला पोसायचा?" — तोंड बघण्यासारखं झालं.

८ मार्च
ट्रॅकवर पाणी सोडलं. ब्रेक दाबला — टायर गप्प. म्हणजे अजून वाव आहे. घसरीची मर्यादा वाढवली. तरी गप्प. तिसावर नेली.
जावई म्हणाला, "बाबा, ओल्यावर टायर ओरडत नाही. पकड कधीच उतरलीय."
"तुमच्या कानांत बोळे असतील."
तीसच ठेवले. उद्या बसकंपनीचे लोक येणार. त्यांना पटलं तर त्यांच्या सगळ्या गाड्यांना आमची पेटी. ह्याच्या बारा टक्क्यांवर मी ती संधी घालवू?

९ मार्च, सकाळी
चाचणीची गाडी मीच चालवणार म्हटल्यावर जावई आत्ताच तिच्या दारात आडवा उभा राहिला. "ह्या मर्यादेवर गाडी थांबणार नाही. ट्रॅकच्या कठड्यावर जाईल." तेही पाहुण्यांदेखत! म्हटलं, "सरका. भित्र्यांनी घरी बसून आकडे मोजावेत."
तर म्हणतो, "मग मीही शेजारी बसतो."
बसू दे. नीट दिसेल.

११ मार्च
कठड्याला त्याची बाजू लागली. मला नुसतं खरचटलंय. तो अजून शुद्धीवर नाही.
दवाखान्याच्या व्हरांड्यात लेकीला विचारलं, एवढी खात्री होती तर बसला कशाला? माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणाला होता — मी शेजारी असलो तर बाबा वेग कमी ठेवतील."
त्याला शेजारी बघून मी वाढवला होता.