चनबसप्पांचा चावा पुढे सरकतो

भवानी पेठ, सोलापूर
२५ मार्च १९७५

तीर्थस्वरूप गुरुमामांच्या चरणी सिदूचा साष्टांग नमस्कार.

तुमची, मामींची आणि तुमच्या कवळीची प्रकृती बरी असेल, अशी आशा करतो. ‘सोसायटी’ म्हणताना ती अजून शिट्टी मारते का? कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तुम्ही माझं तोंड बघणार नव्हता (डस्टर मी फेकला खरा, पण पहिला सरांनी फेकला होता), तर सध्या मीच लोकांची तोंडं बघून पोट भरतो. करमाळ्याला कळलं नसेल म्हणून लिहितो, दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या घासायला लागलोय.

इथं एक गोष्ट कळली. कवळी बसली की माणसाला वाटतं, जन्माची काळजी मिटली. पण कवळी राहते तशीच आणि तिच्याखालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं. मग खालचा जबडा हळूहळू वर चढतो, पुढे सरकतो, हनुवटी नाकाच्या भेटीला निघते आणि वरचे-खालचे दात मात्र भेटायचे तिथं भेटत नाहीत. (समोरासमोर असून भेट न होणं म्हणजे काय, हे मला विचारा, मामा.)

समोरच्या चादरीच्या दुकानाचे मालक चनबसप्पा, त्यांचं असंच झालंय. कडक भाकरी तुटेना. ते म्हणतात, कवळीच वाढली. डॉक्टरांनी सांगितलं, नवी करू, पण आधी आठवडाभर जुनी घालायची नाही; हिरड्या जागेवर आल्या की मगच मेणावर चावा (म्हणजे जबड्याचं माप) घ्यायचा. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी हेमावती येते. चपला काढताना ती एका हातानं दाराची चौकट धरते. ती चौकट पुसायचं मी सोडून दिलंय, डॉक्टर कितीही ओरडू देत.

पण दर खेपेला हिरड्या लालच, आणि जबडा सवयीनं पुढे! घरी कवळी घालतात, हे उघड होतं. काल माझं डोकं सटकलं. म्हटलं, "अण्णा, घरी घालताय की!"

ते उसळले, "ए तम्मा, लई शाणा झालास! बिनदाताचं भाकरी कसं खाऊ? तुझा बाप चावून देतो काय?"

बापावर गेल्यावर मी थांबतो होय? त्यांच्या खिशातली कवळी काढून घेतली आणि कपाटात घालून कुलूप लावलं. आता पाडव्याला नवे दात नक्की. पण जाताना हेमावतीनं चौकट धरली नाही. रात्रभर मला तेवढंच दिसत होतं.

तुमचा भाचा,
सिदू

ता.क. आज सकाळी कळलं, तिला अक्कलकोटचं स्थळ आलंय. नवे दात बसल्याशिवाय पाहुण्यांपुढे बसणार नाही, असा चनबसप्पांचा निरोप गेलाय. म्हणजे स्थळ हिरड्यांपाशी अडलं होतं आणि त्याची वाट मोकळी केली मी!

ता.क. २. म्हणून विनंती. तुम्ही आणि ते एका तालमीतले. तुमची शिट्टी दुरुस्त करायच्या निमित्तानं मिळेल त्या एस.टी.नं या आणि माझ्यासाठी शब्द टाका. राहिलेलं वर्ष पुरं करीन, सरांच्या पाया पडेन, म्हणाल ते करीन.

ता.क. ३. पाकीट चिकटवणार तोच हेमावती एकटी आली. चौकट धरून, खाली बघत म्हणाली, "अण्णांना कवळी रोज मीच देत होते घालायला." डॉक्टर जेवायला गेले होते. मी कपाट उघडलं आणि कवळी माझ्या रुमालात बांधून तिला दिली. तुम्ही सवडीनं आलात तरी चालेल, मामा. पाडव्यापर्यंत काही हिरड्या बसत नाहीत.