पाठीवर बसेल तेवढंच

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चि. थोरल्यास,

आशीर्वाद आहेत, पण आज ते दातओठ खाऊन दिलेत असं समज. तू, सूनबाई, नातवंडं बरी असालच. माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. कागद मधे तोंड घालत नाही.

तुझ्या हुकमाप्रमाणे बॅग घ्यायला गेले. खालच्या मजल्यावरची नर्सबाई सोबत होती. "आई, विमानात फक्त हातातलं सामान चालेल, पाठीवरची बॅग घे," म्हणालास. या वयात पाठीवर दप्तर! दोन वर्षं शाळेत गेले तेव्हा कुणी घेऊन दिलं नव्हतं. पहिली बॅग चढवली तर मागच्या मागेच कलंडले. दुकानदार म्हणतो, "आजी, छातीवरचा पट्टा लावा, खांद्यावर भार येत नाही." म्हटलं, "छातीवर काय कमी भार आहे का, बाबा?" नर्सबाई फिदीफिदी हसत सुटली.

मग एक सुटकेससारखी पूर्ण उघडणारी दाखवली. ती पसंत पडली. तेवढ्यात त्यानं विचारलं, "जाणं किती दिवसांचं? त्यावर माप ठरतं." मला सांगता येईना. नर्सबाईनं तू पाठवलेलं माझं तिकीट फोनवर पाहिलं. म्हणाली, "आजी, यात परतीचं तिकीटच नाहीये."

तरी मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, विसरला असेल, लहानपणापासूनचा धांदरट. आणि त्यातली मोठी घेऊन आले.

काल सकाळी भरून बघत होते. कपडे बसले, औषधं बसली. शिलाईची कात्री घातली तर नर्सबाईनं बाहेर काढली, विमानवाले धारदार काही नेऊ देत नाहीत म्हणे. शिलाई मशीनचं तर विचारूच नकोस. तेवढ्यात बेल वाजली. दारात फाइलवाला माणूस. "साहेबांनी पाठवलंय, खोल्यांची मापं घ्यायचीत." टेप विसरून आला होता. मी माझी शिलाईची दिली. वर दुसरं टोक धरून उभीही राहिले, मूर्खासारखी! म्हटलं, पोरगा घराला रंग लावून घेतोय. तसं विचारलंही. तर म्हणाला, "रंग काय तो घेणारे लावतील, आजी. तुम्ही गेल्यावर लोकांना घर दाखवायला आणतो."

टेप त्याच्या हातातून ओढून घेतली आणि दार दाखवलं.

अरे, आईला घराबाहेर काढायची ही कुठली रीत? तिला म्हणायचं, चार दिवस ये, सामान नको, हलकी ये. ती तिकडे पोरांचे लाड करत बसली की इकडे कुलूप उघडायचं! मशीन कुणाच्या दारात ठेवणार होतास? भंगारवाल्याच्या? इतकं डोकं अभ्यासात लावलं असतंस तर बरं झालं असतं.

नर्सबाईनं तुला फोन केला होता हे मला आज कळलं. तिच्याशी मी आजचा दिवस बोलणार नाही. हो, मी न्हाणीघरात पडले होते. बराच वेळ उठता आलं नाही. तिनं हाका मारल्या तेव्हा ओ द्यायचीही लाज वाटली. तुला काळजी वाटली असेल, ती वाटू दे. पण काळजी वाटणाऱ्यानं आधी विचारावं. तू सरळ विचारलं असतंस ना, तर कदाचित मी मशीनसकट आले असते. ते आता राहिलं.

आज ती मोठी बॅग परत केली. दुकानातली सगळ्यात लहान घेतली, आठवड्याचे कपडे मावतील एवढी. परतीचं तिकीट माझ्या पैशानं काढलंय. नातवंडांसाठी येतेय, तुझ्यासाठी नाही. घर माझ्या नावावर आहे, आणि मोडकीतोडकी का होईना, सही मला येते. ती कुठेही करणार नाही. त्या फाइलवाल्याला आजच कळव.

आल्यावर एकदा माझ्यासमोर बसून, मोबाइल बाजूला ठेवून विचार, "आई, कायमची येतेस का?" मी नाहीच म्हणेन बहुतेक. तरी विचार.

तुझी घरमालकीण,
आणि त्यानंतर आई